काटा खाली आला तेव्हा

तीर्थरूप काका,

"गाडी बोलत असते, आपण तेवढा रेडिओ बंद ठेवायचा," असं तुम्ही मला गाडी शिकवताना म्हणाला होतात, त्याला आता पंचवीस वर्षं होतील. तेव्हापासून मी रेडिओ बंद ठेवते आहे आणि गाडी जे बोलते ते ऐकून भिते आहे. असो. नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? काकूंचा खोकला थांबला का? इकडे आम्ही ठीक, म्हणजे माणसं ठीक.

तुमच्या नातीने, माझ्या लेकीने, कुणीतरी बारा वर्षं वापरलेली जुनी गाडी घेतली, हे तिने तुम्हाला कळवलं असेलच. (मला गाडी दारात उभी राहिल्यावर कळलं.) येत्या सोमवारपासून नवी नोकरी, आणि रोज घाट चढून-उतरून जायचं. एकटीने. पहिल्या आठवड्यात गाडी सकाळी नुसती टकटक करायची. गॅरेजच्या मिस्त्रींनी बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी धुतली, तशी सुरू झाली. मग शिट्टी वाजायला लागली. त्यांनी सैल पट्टा बदलला, तर शिट्टीखाली दबलेली खडखड ऐकू येऊ लागली. (सासूबाई गावाला गेल्या की नणंदेला कंठ फुटतो, तसं.) शेवटी मी तुमच्या पद्धतीने गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी त्यावर हा एवढा हिरवा डाग. शब्दकोडं भिजलं म्हणून हे कुरकुरले; मला कळलं, इंजिन थंड ठेवणारं पाणी गळतंय.

गॅरेज बंद होतं, म्हणून आम्ही मायलेकींनी पाणी भरलं आणि टेकडीपर्यंतच जाऊन येऊ म्हटलं. ती चालवत होती, मी तापमानाच्या काट्यावर डोळे लावून बसले होते. चढावर काटा वर वर सरकायला लागला, तसा माझा जीवही. आणि काका, एकाएकी तो खाली आला, पार तळाला! मी डॅशबोर्डवरून हात फिरवून म्हटलं, "शहाणी गं माझी बाई." लेक म्हणाली, "आई, मला हे काही बरं दिसत नाही." मी म्हटलं, "तुला बरं काय दिसतं कधी?" पुढच्या वळणावर बॉनेटमधून भसाभस वाफ.

तिने लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली. मी बाटली घेऊन धावले आणि झाकणाला हात घालणार, तोच ती ओरडली, "आई, हात मागे! उकळतंय ते!" मग मला एका दगडावर बसवून तिने गाडी निवेपर्यंत वाट पाहिली आणि मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. पाणीच संपलं, तर त्याला ताप कळणार कसा?" म्हणजे ज्या घटकेला मी निर्धास्त झाले, तीच सगळ्यात वाईट घटका. आता पोरगी 'सगळं ठीक आहे गं' म्हणाली, तरी माझ्या छातीत धस्स होतं.

तुमची,
पुतणी

ता. क. गाडी आता दुरुस्त झाली आहे. फुटकी नळी बदलली, खडखड एका सैल पत्र्याची निघाली, आणि लेकीने वेळेवर थांबवली म्हणून इंजिन वाचलं. मिस्त्रींनी तीनदा चढ चढवून आणली. "माझ्या मुलीलाही देईन," म्हणतात. (त्यांची मुलगी सहा वर्षांची आहे.)

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण हे. रविवारी ती गाडी घेऊन तुमच्याकडे येते आहे. "आजोबा हो म्हणाले तरच घाटात नेईन," असं तिनेच कबूल केलंय. तुम्ही बॉनेट उघडाल, कान लावाल, आणि गाडी उत्तम आहे हे तुम्हाला दोन मिनिटांत कळेल. कळलं, की तुम्ही नाही म्हणा. गाडीच्या बाबतीत तुम्ही सख्ख्या व्याह्यांनाही खोटं सांगितलं नाहीत, हे मला माहीत आहे. (ते अजून तुमच्याशी बोलत नाहीत, हेही.) मलाही तुम्ही नकारच देणार. तरी काका, एकदाच, माझ्यासाठी नाही म्हणाल का?