पोरीने बापाला विचारलेला प्रश्न

चिरंजीव थोरल्यास,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज ते रागाखाली दबले आहेत. मी सांगते आणि तुझ्या लेकीची खोलीतली मैत्रीण लिहिते आहे. मघाशी म्हणाली, "आजी, एवढं कडक लिहू?" म्हटलं, लिही बाई, खरं कडक पुढेच आहे.

मी सुखरूप पोचले. गुडघे कुरकुरतात, माझ्यासारखेच. पोर जेवते, अभ्यास करते. झोपेचं विचारू नकोस.

"विद्यापीठात जाऊन देवापुढे हात जोडते की नाही, बघ," म्हणून तू मला हेर करून धाडलंस. नाही जोडत. तिच्या वर्गातली एक मुलगी तापाने गेली. ती आजारी होती तेव्हा ही दवाखान्याच्या पायरीवर बसून प्रार्थना करत होती. मग तिने फोनवर तुला विचारलं, "बाबा, देवाने ऐकलं का नाही?" आणि तू, शहाण्या, "हेच शिकायला गेलीस का?" म्हणून फोन आपटलास!

लहानपणी "देव आंघोळ कधी करतो?" विचारून तू माझं डोकं खायचास. मी तुला घराबाहेर काढलं होतं का?

सूनबाईचा खोकला थांबला का?

तू म्हणतोस तसं शिक्षण सोडवून मी हिला आणणार नाही. "मलाही उत्तर येत नाही गं," म्हणाले, तेव्हा पोर माझ्या मांडीवर पडून पोटभर रडली. ते ऐकायला तू हवा होतास. आता फोन कर. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हण, पण फोन ठेवू नकोस.

अजून रागातच असलेली,
तुझी आई