बारीक अक्षरांतला शब्द

एल हिकारो, १२ मे १९८९

ती. मेलिदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईची लघवीची जळजळ थांबली, पण कालपासून अंगभर लाल चट्टे आहेत. ताप आहे, तोंडात फोड आलेत, पाणीही गिळवत नाही. तीन वर्षांपूर्वी सल्फाच्या गोळ्यांनंतर असेच झाले होते, तेव्हा सगळ्यांनी डुकराच्या मांसावर खापर फोडले. या खेपेस आईने मांसाला हातही लावलेला नाही.

जिच्याकडून या खेपेच्या गोळ्या आणल्या ती दुकानवाली दोन्या त्रान्सितो म्हणते, अंगातली उष्णता बाहेर पडतेय, गोळ्यांचे दहा दिवस पुरे करा. ही सल्फा नव्हेच, नाव वेगळे आहे, आणि सहावीत शाळा सोडलेल्याने डॉक्टरकी शिकवू नये, असे तिने चारचौघांत सुनावले. आईसुद्धा तिचेच ऐकते. पाकिटावर ठळक नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले जसेच्या तसे उतरवतो: ट्रायमेथोप्रिम, सल्फामेथॉक्साझोल. दुसऱ्या शब्दाची सुरुवात मला खटकते. आज सकाळची गोळी मी दिलेली नाही. बसवाला चेपे उत्तरासाठी तुझ्या दवाखान्यापाशी थांबेल.

लोभ आहेच, आज धीरही दे.
तुझा एदिल्बेर्तो

कोमायाग्वा, १२ मे, दुपार

चि. एदिल्बेर्तोस,
अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, तो शब्द म्हणजेच सल्फा! गोळी चांगली आहे, मी रोज कितीतरी जणांना देते, पण आपल्या आईला ती विष आहे. आता एकही द्यायची नाही. तोंडात फोड आले म्हणजे जिवाशी गाठ आहे. चेपेच्या परतीच्या बसने तिला थेट मोठ्या इस्पितळात आण. पाकीट बरोबर घे. भांडायला पुढे जन्म पडलाय.

वाट पाहते.
मेलिदा

एल हिकारो, ३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोहोचलो. आईची कातडी अजून निघते, पण ती पेज पिते आणि मला रागावते, म्हणजे बरी आहे. दोन्या त्रान्सितो मात्र भेटायला येऊन म्हणाली की मांस नाही तर चरबी तरी पोटात गेली असणारच. मी पाकीट पुढे केले. चष्मा नाही म्हणाली. ताई, माझे डोके फिरले.

ती गेल्यावर आईने मला जवळ बसवले. जिने स्वतःचे नावही कधी गिरवले नाही, ती म्हणाली की तू काही दर वेळी घरी नसशील. मग पाकिटावर बघत, दुखऱ्या हाताने कोळसा घेऊन तिने चुलीमागच्या भिंतीवर पाच रोमन अक्षरे काढली. SULFA, सल्फा. एक उलटे आले होते. मी दुरुस्त करायला गेलो, तर हात झटकून तिने ते स्वतःच पुसले आणि पुन्हा काढले.

आठवण ठेव.
तुझा एदिल्बेर्तो