दिव्यापुढची तिसरी गोष्ट

चिंचपोकळी, गुरुवार

प्रिय रुपाली,

देवी तुझ्या पाठीशी असो. मॅट्रिकनंतर हिशेबाच्या वहीपलीकडे काही लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून लिहितेय, कोरा कागद कशाला फुकट घालवायचा. तू फोन उचलत नाहीस. तुझ्या हॉस्टेलच्या वॉचमनलाही आता ह्यांची कीव येते, रोज खुर्ची देतो म्हणे.

इकडे सगळं तसंच. मोरी तुंबली होती, ह्यांनी काठी घालून मोकळी केली. शेजारच्या कमलवहिनी तुझी चौकशी करतात. ड्युटी वाढली आहे म्हणून सांगते. देवापुढे बसून खोटं बोलायचं नाही, म्हणून हे बाहेर गॅलरीत सांगते.

तुला तो वर्ग आठवतो ना? कॅन्सरच्या वॉर्डातल्या सगळ्या नर्सना तुमच्या इस्पितळाने बसवून शिकवलं होतं, की मन दमलं तर रोज तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या आणि त्यांचे आभार मानायचे. तू हसत हसत सांगितलंस. मी मात्र ते पदराच्या गाठीला बांधलं. म्हटलं, ह्यात नवीन काय, आपल्या घरी दिव्यापुढे हेच तर करतात. मग तू ड्युटीवरून आलीस की आधी देवापुढे तीन गोष्टी, मग पान. हे एकदा म्हणालेसुद्धा, "अगं, पोर जेवायला आलीय की परीक्षेला?" मी त्यांनाच गप्प केलं. आधी तू किती सांगायचीस! तुझ्या वॉर्डातल्या, माझगावच्या बाजारात मासे विकणाऱ्या पुतळाबाई तर घरच्याच झाल्या होत्या. "काय गो बाय, सुई टोचतेस का सूड घेतेस?" हे तू त्यांच्यासारखे हातवारे करून सांगायचीस आणि हे जेवता जेवता ठसकायचे. मग तुझं बोलणं आखूड होत गेलं. चहा गरम मिळाला. बस लगेच आली. तिसरी गोष्ट यायला वेळ लागायचा आणि भात निवायचा. मला वाटायचं, पोर आळस करते.

त्यात एक दिवस तू म्हणालीस, पुतळाबाई बऱ्या होऊन घरी गेल्या. केस विंचरले, हे एवढं मोठं कुंकू लावलं. रुपाली, त्या रात्री मला किती समाधानाची झोप लागली म्हणून सांगू! मी बोलले होते देवीला, ही बाई बरी झाली तर तिची ओटी भरीन. पंधरवड्याने नारळ, खण, तांदूळ घेऊन तुला न सांगता माझगावच्या बाजारात गेले. टोपलीमागे त्यांची सून किर्ती बसली होती. मी सिस्टरची आई म्हणून सांगितलं आणि विचारलं, सासूबाई कुठायत? तिने आधी माझ्या पिशवीतल्या नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "बाराव्याला आमी वाट बघितली सिस्टरची. आमी पोचायच्या आधीच तिनं आईचे केस विंचरून कुंकू लावून ठेवलं होतं. सवाष्ण गेली ना." गिऱ्हाईक खोळंबलं होतं, ती पापलेट कापत होती आणि मनगटाने डोळे पुशीत होती. मी पिशवी पोटाशी धरून चालत घरी आले.

तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण मला राग आला होता, देवापुढे खोटं बोललीस ह्याचा. त्या रात्री तू चहाचं सांगायला लागलीस आणि मी म्हटलं, पुतळाबाईंसारखंच का हेही? तू भरल्या ताटावरून उठलीस. म्हणालीस, "आई, तिसरी गोष्ट मिळत नाही गं. जेवायला मिळावं म्हणून मेलेली माणसं जिवंत करून आणावी लागतात मला. आता कुणी गेलं तर रडूपण येत नाही, चादर बदलायची घाई होते नुसती." चप्पल घालून हॉस्टेलवर निघून गेलीस. हे जिन्यापर्यंत मागे आले. मी हलले नाही. समोर दिवा जळत होता.

किर्तीचा निरोप मुद्दाम उशिरा देतेय. तिचे आभार तुला पोचवायला सांगितलेत तिने. ते मनाला लावून घेऊ नकोस, मोजूही नकोस. मला वाटलं होतं, हे ऐकून तुझं मन भरून येईल. आता तसं वाटत नाही. एका विहिरीतून सगळी आळी पाणी काढते, तिच्यात तांब्याभर ओतून काय होणार? नोकरी सोड म्हणायला जीभ रेटत नाही, करत राहा म्हणायला तर मुळीच नाही. मीसुद्धा दिवा लावते आणि गप्प बसते. इतकी वर्षं ज्याचे आभार मानले, त्याला काय म्हणावं कळत नाही. ओटीचा नारळ फडताळात तसाच आहे. फोडवत नाही, कुणाला देववतही नाही.

हे रोज डबा घेऊन तुझ्या हॉस्टेलच्या फाटकाशी येतात आणि आदल्या दिवशीचा डबा भरलेलाच परत आणतात. अन्न टाकायचं नाही म्हणून सकाळी मीच खाते. म्हणून आज हे पान डब्यात वरच ठेवतेय, उघडशील तर दिसेल. कुळथाची पिठी आहे, भात आहे. आलीस तर पान वाढलेलं असेल, काही विचारणार नाही. नाही आलीस तरी नाही. फक्त उद्या डबा रिकामा पाठव. दिव्यापुढे सांगायला मला तेवढी एक गोष्ट पुरेल.

तुझीच,
आई