डाव्या अंगाला कललेला पाळणा

गंगाखेड, ४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आजीस राजेश्रीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं, म्हणून ही चिठ्ठी बन्सीधरमामांच्या एसटीनं धाडलीय. सोबत गुंडाळलेला कागद आहे.

व्यंकटराव मिस्त्रींनी पहिल्यांदाच आख्खं काम मला एकटीला दिलं. निवेदिता मॅडमच्या लेकरासाठी जमिनीवर डोलणारा पाळणा. खालचे दोन कमानदार पाय कसे काढावेत कळेना, म्हणून दिवाळीत आपल्या पाळण्याच्या पायाला कागद लावून पेन्सिल फिरवली होती, त्याच सोबतच्या कागदावरून फळी कापली. पाळणा उभा राहिला तो डाव्या अंगाला कलून! आत बाजरीची पिशवी ठेवली तर गडगडत कडेला. लेकरू कसं ठेवावं? मिस्त्री म्हणाले, तुझ्या आजोबानं पाळणा केला का घसरगुंडी? रविवारी बारसं आहे. शनिवारपर्यंत सरळ झाला नाही तर ते स्वतः करणार आणि मला परत काचपेपर घासायला बसवणार. दोन पायांपुरतंच लाकूड उरलंय. काय चुकलं?

लोभ पातळ होऊ देऊ नको.

तुझी राजेश्री

राणीसावरगाव, ५ नोव्हेंबर

चि. राजेश्रीस कडूबाईचे अनेक आशीर्वाद.

रडगाणं वाचलं. मिस्त्रीला सांग, आश्रुबा सुताराच्या हातात खोट नव्हती, माझ्या पायात हाय. चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता मी चाळीस वर्षं एकाच अंगानं त्या पाळण्याला रेटे दिले. आधी माझी पाच लेकरं, मग त्यांची. तूबी त्यातलीच, आन् लय रडकी. लाकूड त्या अंगाला झिजलं. तू आजोबाची कमान सोडून माझी झीज उतरवून नेलीस, येडे.

तुझा कागद परत धाडलाय, मधोमध दुमडून बघ. दोन्ही अर्धे जुळायचे न्हाईत. फुगीर अर्धा खरा, तोच पालटून दुसऱ्या अंगाला काढ. करवत रेघेच्या बाहेरून चालव. मग दोन्ही पाय एकावर एक शिकंज्यात आवळ आन् कानस दोघांवर एकदमच फिरव. एकेक घासशील तर परत बोंबलशील. रंधा लावू नको, वाकड्या जागी उड्या मारतो. तुझा आजोबा हे करायचा आन् मी लाकूड धरायची, सुतारकीची शाळा तेवढीच झाली माझी.

जेवत जा. आशीर्वाद हायेत, सारखे मागू नको.

कडूबाई

गंगाखेड, ९ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न.

सरळ! आजी, सरळ उभा राहिला! कागद दुमडला तर दोन अर्ध्यांत बोटभर फरक. तू सांगितल्यागत सगळं केलं. शनिवारी दुपारी पिशवी ठेवून ढकललं. पाळणा डोलला, थांबला, पिशवी जागची हलली नाही. मिस्त्रींनी वाकून दोन्हीकडून डोळा लावला आणि म्हणाले, आता खुर्चीचे वाकडे हात तूच काढ. दारापर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, पण त्या म्हातारीला विचारून.

आज बारसं झालं. नाव श्रीनिधी. नाव कानात पडायच्या आत पोरगी झोपली. माझा जीव आता कुठं भांड्यात पडला.

अशीच रागावत राहा.

राजेश्री

राणीसावरगाव, ११ नोव्हेंबर

चि. राजेश्रीस आ.

बरं झालं. चार दिवस भाकर गोड लागली न्हाई, पर हे मिस्त्रीला सांगू नको. खुर्चीच्या हाताचा कागद आधी दुमडून बघ, मगच धाड.

त्या मॅडमला निरोप दे. एका अंगाला तुमी बसा, दुसऱ्या अंगाला नवऱ्याला बसवा. दोन्हीकडून रेटा बसला तर पाळणा सारखा झिजतो. आमच्या पाळण्याचं दुसरं अंग अजून नवं कोरं हाय.

लोभ हाय तेवढा पुरवून वापर.

कडूबाई