मुठीतला तूस

प्रिय तेजू,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र रूपालीच्या हाती देतोय. उद्या सकाळी ती पनवेलला तुमच्या हॉस्टेलवर परत येतेय. मेसेज माणूस न वाचता पुसून टाकतो, पण कागद फाडायच्या आधी दोन ओळी तरी वाचतो. तेवढ्याच आशेवर लिहितोय.

तू माझी दहिवलीची शेड पाहिलीच नाहीस. ‘सेकंड इयर तरी पूर्ण कर रं,’ म्हणून तू किती मागे लागली होतीस. पण तुझ्या आबांनी शिळफाट्यावर चारचौघांत विचारलं होतं, ‘पोल्ट्रीवाल्याची पोरगी मागतोस, एक पिल्लू तरी जगवलंयस का रं कधी?’ मग कसलं कॉलेज सुचतंय! सुनंदाआत्याच्या जागेत शेड उभी केली आणि आबांच्यापेक्षा जास्त पिल्लं भरली. पिल्लं देणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर म्हणाला, दाटी होतेय. म्हटलं, होऊ दे.

पण पिल्लांवर जीव जडला होता, हेही खरं. श्रावणात पाऊस तिरका यायचा. भिजतील म्हणून चारी बाजूंचे ताडपत्रीचे पडदे पार खालपर्यंत सोडले. आत गेलं की उग्र वासाने डोळे चुरचुरायचे, तरी उघडले नाहीत. जमिनीवर अंथरलेला भाताचा तूस पाण्याच्या भांड्यांखाली भिजून भाकरीसारखा थापला गेला होता. तो खरवडून काढायचा सोडून मी वरून कोरडा तूस पसरत राहिलो. आत्या म्हणायची, ‘आपल्याला उभं राहवत नाय हितं, त्या मुक्या जिवांचं काय होत आसंल?’ मी तिच्यावरच खेकसायचो.

मग पिल्लं पंख फुलवून कोपऱ्यात बसायला लागली. खाणं सुटलं, शिटेत रक्त दिसायला लागलं. डॉक्टरांनी मेलेलं एक पिल्लू चिरून आतडं दाखवलं. फुगलेलं होतं, आतून रक्ताचे ठिपके. पाण्यातून औषध सुरू केलं, पण आधी त्यांनी स्वतःच्या हाताने पडदे वर केले. म्हणाले, ‘ह्या रोगाचं बी थोडंफार सगळ्याच शेडमध्ये असतं. ओल, दाटी आणि कोंडलेली हवा मिळाली की उगवतं. तू तर तिन्ही दिल्यास.’ मग भांड्याखालचा तूस माझ्या मुठीत दाबायला लावला. मूठ उघडली तर चक्क लाडू. तो भुसभुशीत होऊन सुटायला हवा होता.

निम्मी पिल्लं गेली. खड्ड्यात चुना टाकताना आत्या रडली, मला रडूही येईना. एकदा कॉलेजच्या गेटवर तू म्हणाली होतीस, ‘जग्या, मला जरा श्वास घेऊ दे रं.’ रोज तिथे उभा राहून मी विचारायचो, कुणाशी बोललीस, काय बोललीस. तेव्हा वाटलं, नाटकं करते. आणि तुला नवी मुंबईचं स्थळ आलं तेव्हा मी आबांना काय बोललो, ते तुला शिळफाट्यावरच्या निम्म्या बाजाराने सांगितलंच असेल. ‘तुमची पोरगी काय कोंबड्यांची बॅच हाय, भाव आला की टेंपोत भरायला?’ आबांचा तेव्हाचा चेहरा अजून जात नाही डोळ्यांसमोरून.

काल त्यांची माफी मागायला कुंभिवलीला गेलो होतो. खरंच माफी मागायला. पण गेटशीच पाय थांबले. तुमच्या शेडचे पडदे जवळजवळ खालपर्यंत सोडलेले, आणि तोच वास बाहेर येत होता. आबा दारात आले, म्हणाले, ‘काय रं, आज गेटावरनंच भांडतोस? घाबरलास व्हय?’ तेजू, मला कुणी असं डिवचलं आणि मी पाय पुढे टाकला नाही, असं पहिल्यांदाच झालं. पायात माझ्या शेडमधल्याच चपला होत्या गं. त्यांना चिकटलेला रोग घेऊन आत कसा जाऊ? बाहेरूनच ओरडलो, ‘आबा, पडदे उघडा!’ त्यांना वाटलं, मी हुकूम सोडतोय. ‘माझ्या शेडमधी तुझं नाय चालायचं,’ म्हणाले आणि एका बाजूला थोडी फट राहिली होती, तीही दोरी सोडून बंद केली. माफी राहिलीच.

म्हणून हे पत्र. परत ये म्हणायला नाही. हे वाचलंस की लगेच आबांना फोन कर. म्हणावं, पावसाची बाजू सोडून पडदे वर करा, थापलेला तूस खरवडून बाहेर काढा, डॉक्टरांना बोलवा. तूस मुठीत दाबून बघायला सांग, लाडू झाला की त्यांना कळेल. तुझं ते ऐकतात. फक्त माझं नाव घेऊ नकोस. जग्या म्हणाला असं कळलं, तर माझ्यावरच्या रागाने ते पडदे बंदच ठेवतील. आणि तसा राग त्यांना यावा, एवढं मी करून ठेवलंय.

लांब उभा राहिलेला, तरी तुझाच,
जगदीश