चमच्यांचा हिशेब

४ नोव्हेंबर, मंगळवार

हिचं हृदय म्हणे ठेका चुकतं! डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी दिली — दिवसातून तीनदा. आधी नाडी मोजायची. साठाच्या खाली असली तर गोळी नाही. चुकून जास्त गेली तर हृदय बंदही पडू शकतं — हे त्यांनी हिच्यासमोरच सांगितलं. दर वेळी तिथल्या तिथे लिहून ठेवा म्हणाल्या: नाडी किती, गोळी दिली का, आणि ही काय बोलली ते तिच्याच शब्दांत. बोलणं अडखळलं तर तेच पहिलं लक्षण. वेगळी वही कशाला? याच वहीत लिहीन, त्यांना लागेल तेवढं वाचून दाखवीन.

ही त्यांना म्हणाली, लिहिण्याची काळजी नको, यांनी जन्मभर दुसरं केलंय काय?

खरं आहे. वडिलांनी टाक हातात दिला तेव्हापासून चर्मपत्रावर आमचा धर्मग्रंथ उतरवतोय. एक अक्षर तुटलं तरी अख्खी गुंडाळी बाद. तीन गोळ्यांची नोंद म्हणजे काय मोठंसं!

६ नोव्हेंबर, गुरुवार

नाडी सत्तर, एकाहत्तर, अडुसष्ट. तिन्ही गोळ्या दिल्या. बोलणं: "मी काय कोर्टात साक्ष देतेय का?" शब्दन् शब्द उतरवला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सूर्य मावळला की शब्बाथ, आम्हा यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस. उद्या अंधार पडेपर्यंत लेखणीला हात नाही. शब्बाथला जी कामं वर्ज्य, त्यात लिहिणं आलंच — नेमकं माझंच काम! दोन अक्षरंसुद्धा नाहीत. आजवर एकदाही मोडलेलं नाही.

युक्ती काढली. तीन चमचे एका पेल्यात. गोळी दिली की एक चमचा दुसऱ्या पेल्यात. नाडी लक्षात राहीलच. ही म्हणाली, डोकं चालतं हो अजून तुमचं. दिवसभर त्याच तोऱ्यात होतो.

९ नोव्हेंबर, रविवार



काल सकाळची गोळी दिली, चमचा हलवला, प्रार्थनेला गेलो. मागे हिने थर्मासमधला चहा घेतला. साखर ढवळायला दुसऱ्या पेल्यातला, हाताशी होता तोच चमचा उचलला, मग धुऊन, पुसून, बाकीच्या दोन चमच्यांशेजारी ठेवून दिला. नीटनेटकी बाई! तिचं काय चुकलं? चमचा तो, चहात जायचाच.

परत येऊन बघतो तर पहिल्या पेल्यात तीन चमचे. सकाळची गोळी दिल्यासारखी तर वाटत होती. पण या वयात 'दिली' आणि 'दिल्यासारखी वाटते' यात फारसा फरक उरत नाही. चमच्यांवर विश्वास ठेवला. नाडी साठाच्या जरा वर होती. पुन्हा गोळी दिली. तासाभरात ही मला 'दादा' म्हणाली — तिच्या भावाला म्हणायची तसं — आणि खुर्चीतच कलंडली.

फोन उचलला, गाडी बोलावली, तिच्याबरोबर गाडीत बसून गेलो. शब्बाथला! त्याचं क्षणभरही काही वाटलं नाही. जिवावर बेतलं की शब्बाथ मोडायचाच, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. दवाखान्यात विचारलं, एकूण किती गोळ्या दिल्यात? मी चमच्यांचं सांगायला लागलो. तिथल्या तरुण डॉक्टरानं पुन्हा विचारलं, गोळ्या किती?

वाचली. दोन दिवसांत घरी सोडतील.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ही घरी आली. नाडी चौसष्ट, गोळी दिली. बोलणं: "चमचे कुठे लपवलेत?"

संध्याकाळी आमचे धर्मगुरू, रब्बी, भेटायला आले. वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढे, पण शास्त्र तोंडपाठ. त्यांना विचारलं, वरच्या मजल्यावरची शिक्षिका आपल्या धर्माची नाही, शब्बाथला तिला लिहायला सांगू का? नको म्हणाले. ऐन वेळी ती घरी नसली तर? मग म्हटलं, डाव्या हातानं लिहितो. म्हणजे मोडलं तरी पुरतं मोडलं नाही. तेव्हा मात्र ते चिडले.

"आणि ते वाचता आलं नाही तर? काका, त्या पडल्यावर तुम्ही धावलात. पण पडायच्या आधी चमचे मोजत बसलात. जीव वाचवायचा म्हणजे नुसतं धावायचं नसतं. उजव्या हातानं लिहा. आणि तुम्हीच लिहा. तुमच्यासारख्या नेम पाळणाऱ्या माणसानं लिहिलं, की जिवावर बेतल्यावर दुसरं कुणी परवानगी विचारत बसणार नाही."

डॉक्टरांना लागेल तेवढंच लिहीन, वर एक अक्षर नाही — एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. राग आला होता. बरोबर बोलत होते म्हणूनच आला असावा. ही आतून सगळं ऐकत होती. 

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सूर्य मावळायला अजून वेळ आहे. टाक, शाई, वही हिच्या उशाशी ठेवली. भीती वाटते. नियम मोडण्याची नाही — ऐन वेळी हातच उचलला जाणार नाही याची. तिला हे सांगितलेलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळ. नाडी सहासष्ट. गोळी दिली.

बोलणं स्पष्ट: "अहो, डोळे उघडून लिहा."