रजा मिळाली नाही

९ मार्च

पोचले. दादा अंगणात पाठमोरा, फाटकाच्या बिजागरीला तेल घालत उभा होता. तीन हाका मारल्या, वळला नाही! नऊ वर्षांनी सख्खी बहीण दारात उभी आणि हे स्वागत. माझा पारा चढायला फार वेळ लागत नाही. पण वहिनी धावत आल्या, त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा वळला — आणि मला बघून इतका हसला की डोळे दिसेनासे झाले.

दादाला ऐकू येत नाही. अजिबात नाही. कापडाच्या कारखान्यात तीस वर्षं मागावर काढली, त्यात कान गेले. मला सांगितलं का नाही, तर म्हणे, "जाहिरात कशाला करायची?"

१० मार्च

कानाचं यंत्र कपाटात पडून आहे. घातलं की कारखाना पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटतं म्हणतो. ओठ बघून सगळं समजतो. कारखान्यात सगळे तसेच बोलायचे, मागांच्या खडखडाटात ओरडून घसा फोडण्यापेक्षा ते बरं.

बोलताना तोंडावर हात न्यायची मला जुनी खोड. तो माझं मनगट धरून हात खाली करतो. आज सात-आठ वेळा केला असेल. वैतागला नाही. मी असते तर कधीच वैतागले असते.

११ मार्च

दादानं कारखाना दाखवायला नेलं. आता गोदाम झालंय — छतापर्यंत रिकामे खोके. जमिनीत मागांचे बोल्ट अजून तसेच. तो बरोबर आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. लहानपणी मी डबा घेऊन दारात थांबायची आणि तो तिथून नुसत्या ओठांनी काहीतरी विचारायचा. मला कधी कळलं नाही. आज सांगितलं — "तू जेवलीस का, हेच विचारायचो."

येताना कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे थांबलो. त्यानं मला ओळखलं आणि पहिला प्रश्न — "ताई, तुमचा तो साहेब आहे का अजून? बाप अंथरुणावर आणि लेकीला रजा नाही! माझ्या खुर्चीत सापडला असता तर अर्धीच दाढी करून सोडला असता." खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसासकट हसलं. दादाही हसला. मीही हसले, निर्लज्जासारखी.

माझा साहेब म्हणजे एक बाई होती. मवाळ. मी तोंड उघडायच्या आत महिनाभर रजा दिली असती. मी मागितलीच नाही. बाबा चौदा महिने पडून होते. दर वेळी मी रजेचं कारण पुढे करून काखा वर केल्या. शेवटी दादानं फोन केला, "आता ये, फार दिवस नाहीत." तेव्हाही तेच सांगितलं आणि मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेले. नऊ दिवस. टोपी घातलेला फोटोसुद्धा आहे.

१२ मार्च

एवढी एकच गोष्ट पदरात होती — मी दादाला खरं सांगितलं होतं. बाबा गेल्यावर वर्षानं, रविवारी, फोनवर, एका दमात. रजेचं खोटं, समुद्र, बाबांना तशा अवस्थेत बघायची भीती वाटत होती ते, सगळं. तो म्हणाला, "असू दे गं. स्वेटर घालत जा." मी ढसाढसा रडले होते. त्या 'असू दे'वर आठ वर्षं काढली.

आज वहिनींना सहज विचारलं, ऐकायला येणं बंद कधी झालं? म्हणाल्या, बाबांच्या शेवटच्या वर्षातच. मग फोनवर बोलायचा कसा? तर फोनचा आवाज मोठा करून वहिनी त्याच्यासमोर उभ्या राहायच्या. मी बोलायची, त्या ओठांनी त्याला सांगायच्या, तो उत्तर द्यायचा.

"म्हणजे तुम्ही ते ऐकलंत?"

चादरीची घडी घालता घालता म्हणाल्या, "ऐकलं."

"आणि दादाला काय सांगितलंत?"

"तुम्हाला सर्दी झालीय म्हणून सांगितलं."

१३ मार्च

बाबांची खोली. पलंगाच्या वर कडीला अजून मागाचा एक जुना पट्टा लटकतोय. दादानंच बसवला होता — धरून बाबा उठून बसायचे. त्यानं झोपून, धरून, उठून दाखवलं. "शेवटी शेवटी आपापले बसायचे, माहितीये? तू बघायला हवं होतंस. पण तुझ्या त्या साहेबानं..." माझ्या पाठीवर हात ठेवला. तो माझं सांत्वन करत होता!

दुपारी वहिनींनी मला गाठलं. चेहरा बघून ओळखलं असणार. "सांगू नका, ताई. बहीण यायला तडफडत होती, तिला सोडलं नाही, एवढ्यावर ते सावरलेत. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून ते काढून घेऊ नका."

त्यांच्यावर चिडायला हवं होतं. जमलं नाही. बरोबरच बोलत होत्या.

१४ मार्च

नाही सांगितलं.

१५ मार्च

शाळेकडे चक्कर मारली. भिंत उंच केलीय, आतलं काही दिसत नाही. दादानं वाटेत ओळखीच्या दोघांना थांबवून सांगितलं, "ही माझी बहीण. हिचा साहेब फार कडक होता." इतक्या वर्षांनीही माझी बाजू सावरत फिरतोय हा! आणि मी शेजारी मान डोलावत उभी. वहिनींचं सगळं पटतं. पण हे असं मान डोलावणं मला आता होत नाही.

उद्या निघायचं.

१६ मार्च

सांगितलं. खिडकीपाशी, उजेडात, एकेक शब्द सावकाश. "रजा मी मागितलीच नव्हती" इथपर्यंत दादा माझ्या ओठांकडे बघत होता. मग त्यानं डोळे मिटून घेतले. मी पुढे बोलत राहिले. त्यानं उघडले नाहीत.